निर्णयाशेजारी पुरावा : ग्रंथपरीक्षणाच्या रचनेविषयी

मराठीत ग्रंथपरीक्षणाचा एक साचा इतका अंगवळणी पडला आहे की तो साचा आहे हेही आता कोणाच्या ध्यानात येत नाही. आधी लेखकाची ओळख, त्याची पूर्वीची पुस्तके आणि त्याला मिळालेले पुरस्कार. मग मलपृष्ठावरचा मजकूर थोडा फिरवून. त्यानंतर ‘पहिल्या प्रकरणात’, ‘दुसऱ्या प्रकरणात’ असे करत शेवटच्या प्रकरणापर्यंतची वाटचाल. ओघवती भाषा, चित्रदर्शी शैली, वाचकाला खिळवून ठेवणारे निवेदन अशी चार विशेषणे. मुद्रितशोधनाच्या चुका टाळता आल्या असत्या तर बरे झाले असते, अशी एक सौम्य तक्रार. मुखपृष्ठाचे कौतुक, आणि अखेरीस हे पुस्तक प्रत्येकाच्या संग्रही असावे ही शिफारस. यातले एकेक वाक्य प्रामाणिकपणे लिहिलेले असू शकते, खरेही असू शकते. तरीही सगळे वाचून झाल्यावर वाचकाच्या हाती त्या पुस्तकाविषयी फारसे काही लागत नाही. याचे कारण परीक्षकाच्या अभ्यासात किंवा भाषेत शोधण्याआधी लेखाच्या रचनेत शोधावे, असे माझे म्हणणे आहे. या साच्यात पुस्तकातला मजकूर एका जागी सांगितला जातो आणि त्याविषयीचे मत दुसऱ्या जागी दिले जाते. सारांश सांगताना मताची आठवण नसते, मत देताना सारांशाची. ‘ओघवती’ हे विशेषण ज्या पानांमुळे सुचले ती पाने लेखात कुठेच नसतात, आणि प्रकरणांची जी यादी दिलेली असते तिच्यावर कोणताच निर्णय उभा नसतो. परीक्षणाची रचना कशी करावी, या प्रश्नाला माझ्या मते एकच मध्यवर्ती उत्तर आहे : प्रत्येक निर्णयाशेजारी त्याचा पुरावा आला पाहिजे, आणि पुस्तकाचा जो भाग कोणत्याच निर्णयाला पुरावा म्हणून लागत नाही तो सांगण्याची गरज नाही. सुरुवात कशी करावी, सारांश किती द्यावा, उतारे कुठे घ्यावेत, गुण आधी की दोष आधी, हे सगळे प्रश्न या एका उत्तरातून सुटत जातात.

हा साचा आला कुठून याचा थोडा विचार करण्यासारखा आहे. आपल्या नियतकालिकांत ‘साभार पोच’ नावाचे सदर असते. प्रकाशकाकडून किंवा लेखकाकडून अभिप्रायार्थ आलेल्या पुस्तकांची नावे, पृष्ठसंख्या आणि किंमत त्यात छापली जाते. पुस्तक मिळाले, त्याबद्दल आभार, एवढाच त्याचा अर्थ. नेहमीचे परीक्षण हे या पोचेचेच लांबवलेले रूप आहे. पुस्तकाची प्रत भेट आलेली असते, पाठवणारा ओळखीचा असतो, आणि लेख त्या सौजन्याची परतफेड करण्यात खर्ची पडतो. लेखकाचा परिचय, मुखपृष्ठाचे कौतुक, शुभेच्छा या सगळ्यांचा रोख पुस्तक पाठवणाऱ्याकडे असतो. ज्याने ते पुस्तक अजून पाहिलेले नाही तो वाचक या व्यवहारात कुठेच नसतो. म्हणून रचनेचा विचार करताना पहिले पाऊल असे, की लेख कोणाला उद्देशून लिहायचा आहे हे परीक्षकाने मनाशी नक्की करावे. वाचकाला उद्देशून लिहू लागताच साच्यातले निम्मे भाग आपोआप गळून पडतात.

जागेची टंचाई हे आजचे मोठे गाऱ्हाणे आहे. पण जागा मिळाली म्हणजे परीक्षण सुधारते, असे आपला इतिहास सांगत नाही. ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ साली सुरू झाला, विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ साली. या दोन्ही नियतकालिकांत ग्रंथांवर विस्ताराने लिहिण्याची सोय होती. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी पुढे ‘विविधज्ञानविस्तारा’त नाटक-कादंबऱ्यांची अशी प्रदीर्घ परीक्षणे लिहिली, की तेवढी पाने आज एखादा दिवाळी अंकही एका लेखाला देणार नाही. चिपळूणकरांपाशी तर जागा, विद्वत्ता आणि मराठी गद्यावरची हुकमत या तिन्ही गोष्टी होत्या. तरीही जोतीराव फुले यांच्या लेखनावर आणि सत्यशोधक समाजावर त्यांनी ‘निबंधमाले’तून जी टीका केली, ती ग्रंथपरीक्षण म्हणून आज उभी राहत नाही. फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची खिल्ली उडवण्यात त्या टीकेचे बरेच बळ गेले, आणि पुस्तकाने उभा केलेला प्रश्न तसाच राहिला. याचे एक कारण अर्थातच सामाजिक पूर्वग्रहाचे आहे, आणि ते मी कमी लेखत नाही. पण रचनेच्या अंगानेही ही टीका तपासण्याजोगी आहे. भाषा अशुद्ध आहे हा निर्णय, आणि म्हणून म्हणणे विचारात घेण्याजोगे नाही हा दुसरा निर्णय. पहिल्याला पुरावा होता. दुसऱ्याला स्वतःचा पुरावा नव्हता. पहिल्याचाच पुरावा त्याच्या खात्यावर टाकलेला होता. परीक्षणात अशी उसनवारी फार चालते आणि ती पटकन दिसत नाही, कारण पुरावा तर पानावर असतोच. तो कशाचा, एवढेच तपासायचे राहून जाते.

‘गुलामगिरी’ (१८७३) या पुस्तकाकडे परीक्षक म्हणून पाहिले तर विचारण्यासारखे प्रश्न कितीतरी होते. हे पुस्तक जोतीराव आणि धोंडीराव यांच्या संवादाच्या रूपात का लिहिले आहे? शंका विचारणारा आणि उत्तर देणारा अशी जोडी ठेवल्याने, वाचनाची सवय नसलेल्या श्रोत्यापर्यंत हे लेखन पोचते का? मत्स्य, वराह, वामन या अवतारकथांचा आक्रमणाचा इतिहास म्हणून लावलेला अर्थ कोणत्या आधारावर टिकतो आणि कुठे ताणला जातो? अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना हे पुस्तक अर्पण केले आहे. ती तुलना पुस्तकभर निभावली आहे का? यातल्या काही प्रश्नांची उत्तरे पुस्तकाच्या बाजूने गेली नसती. अवतारकथांतून काढलेल्या इतिहासाला आणि शब्दांच्या व्युत्पत्तींना साधार हरकत घेता आली असती. तशी हरकत घेणारे कठोर परीक्षण त्या काळात कोणी लिहिले असते तर ते आजही उपयोगी पडले असते, कारण त्यातला निर्णय त्याच्याच पुराव्यावर उभा राहिला असता आणि दीडशे वर्षांनंतरचा वाचकही तो पुरावा तपासून पाहू शकला असता.

तेव्हा लिहायला बसण्यापूर्वी पुस्तक नेमके काय म्हणते हे ठरवावे लागते, आणि हे काम वाटते तितके सोपे नाही. आपल्याकडच्या मीमांसकांनी आणि वेदान्त्यांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी सहा खुणा सांगितल्या आहेत : उपक्रम आणि उपसंहार यांचा मेळ, अभ्यास म्हणजे पुनरुक्ती, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. त्या श्रुतिवाक्यांसाठी होत्या, पण आजच्या परीक्षकालाही मला त्या फार कामाच्या वाटतात. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घेऊन पाहू. औंध संस्थानातल्या एका धनगरवस्तीवर नेमणूक झालेला तरुण मास्तर भल्या पहाटे पायी निघालेला आहे, असा तिचा उपक्रम. दुष्काळ पडतो, धनगर मेंढरे घेऊन निघून जातात आणि ओस पडलेली वस्ती सोडून मास्तरही निघतो, हा उपसंहार. दोन्ही टोके शेजारी ठेवली की एक गोष्ट लगेच दिसते : ही कादंबरी एका शाळेच्या यशाची किंवा अपयशाची नाही. पुनरुक्ती कशाची आहे? मास्तर शाळेत शिकवतो त्यापेक्षा वस्तीच्या भानगडींत, अडीअडचणींत, संशयांत पुन्हा पुन्हा ओढला जातो, याची. अपूर्वता कशात आहे? शिकलेला तरुण खेड्यात जातो आणि खेडे सुधारतो, ही तोवर ओळखीची झालेली कथा इथे नाकारलेली आहे, यात. फल म्हणून काय उरते? मास्तराच्या पुढाकाराने तालीम बांधली जाते, राजेसाहेब स्वतः येऊन जातात, आणि तरी पाऊस आला नाही तेव्हा वस्ती टिकत नाही. इतके पाहिल्यावर परीक्षकाला एक विधान करता येते : माणसांची एक वस्ती कशी जगते आणि कशी विखुरते हे या पुस्तकाला सांगायचे आहे, मास्तर हा तिचा साक्षीदार आहे. बरोबर असो वा चूक, हे विधान हाती आल्यावर लेखाची रचना सुरू होते. त्याआधी सुरू होते ती प्रकरणांची मोजदाद.

कारण आता कोणता प्रसंग सांगायचा याची निवड करता येते. ‘बनगरवाडी’त माणसे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची लहानशी गोष्ट आहे, सगळ्या सांगू गेले तर लेख भरून जाईल आणि एकही गोष्ट लक्षात राहणार नाही. शेकूपाशी एकच बैल असतो, आणि औताला दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको जू खांद्यावर घेते. हा प्रसंग वरच्या विधानाला थेट पुरावा म्हणून येतो : या वस्तीत जगणे म्हणजे काय, आणि पाऊस एक वर्ष चुकला तर हे जगणे किती लवकर मोडेल, हे त्यात एकदम दिसते. पण प्रसंग नुसता सांगून भागत नाही. तो किती ओळींत सांगितला आहे, निवेदक त्यावर किती बोलतो आणि कुठे गप्प राहतो, तो प्रसंग संपताच पुढचे वाक्य कशाविषयी आहे, हे दाखवले की ‘संयत शैली’ हे विशेषण लिहिण्याची गरजच उरत नाही. वाचकाने संयम पाहिलेला असतो. परीक्षणातली विशेषणे बहुतेक वेळा न दाखवलेल्या गोष्टींची जागा भरून काढतात, म्हणून ती पहिल्या खर्ड्यात येऊ द्यावीत आणि दुसऱ्यात प्रत्येकाच्या जागी पुस्तकातले काही ठेवता येते का ते पाहावे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की वाचकाला आधी पुस्तक कशाविषयी आहे तेच हवे असते. मत त्याचे तो बनवील. आक्षेपात तथ्य आहे. पुस्तक कादंबरी आहे की आत्मचरित्र, कोणत्या काळातले, कोणत्या माणसांविषयी, हे दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यापर्यंत कळले नाही तर वाचकाचा विनाकारण छळ होतो. पण ‘कशाविषयी’ याचे उत्तर कथानकाच्या सारांशात असतेच असे नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चे (१९६३) कथानक सांगायचे तर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर नीट शिकत नाही आणि गावी परततो, इतकेच. हा सारांश अचूक आहे आणि निरुपयोगीही आहे. ती कादंबरी वाचणाऱ्याला धक्का देते ती पांडुरंगच्या बोलण्याच्या तऱ्हेने, मध्येच रोजनिशीच्या नोंदी होऊन येणाऱ्या एका वर्षाने, आणि धाकट्या बहिणीच्या मृत्यूनंतर त्या थट्टेखोर बोलण्याचे काय होते त्याने. यातले काहीही कथानकाच्या सारांशात मावत नाही. सारांश लिहिणे म्हणजेही एक निर्णय घेणे आहे : पुस्तकातले महत्त्वाचे काय, हा. तो निर्णय न सांगता घेतला की सारांश निःपक्षपाती दिसतो, आणि वाचकाला तो तपासताही येत नाही. म्हणून सारांश हा लेखाचा वेगळा भाग करू नये. विधान पुढे जाईल तसतसा, लागेल तेवढा तो येत राहावा.

पुराव्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण मराठी परीक्षणाची खरी दुर्बलता मला इथे दिसते. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. त्यानंतरच्या दलित आत्मकथनांवर जे लिहिले गेले त्यात ‘दाहक’, ‘विदारक’, ‘अस्वस्थ करणारे’ ही विशेषणे इतक्या वेळा आली, की एका पुस्तकावरचे परीक्षण दुसऱ्यावर ठेवले तरी चालून जावे. हेतू चांगला होता. पण अनुभवाच्या दाहकतेला दाद देऊन थांबल्याने ही पुस्तके लिहिलेली आहेत, रचलेली आहेत, याकडे दुर्लक्ष झाले. ‘बलुतं’मध्ये आपली हकीकत सांगणारा दगडू मारुती पवार आहे आणि ती ऐकणारा दया पवार आहे. एकाच माणसाची ही दोन रूपे समोरासमोर बसवलेली आहेत. गावकुसाबाहेर वाढलेला मुलगा आणि शिकून शहरात नोकरी करणारा, लेखक म्हणून नाव झालेला पांढरपेशा, यांच्यातले अंतर हाच त्या पुस्तकाच्या वेदनेचा मोठा भाग आहे, आणि तो भाग निवेदनाच्या या योजनेतून व्यक्त होतो. हे न सांगता ‘विदारक अनुभव’ म्हणणे म्हणजे लेखकाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून त्याचे लेखकपण काढून घेणे होय. स्तुतीलाही पुरावा लागतो तो यासाठी. बिनपुराव्याची निंदा अन्यायाची असते हे सगळ्यांना पटते. बिनपुराव्याची स्तुतीही तितकाच अन्याय करते, कारण जे साधले ते पाहिलेच जात नाही.

उतारा दिला म्हणजे पुरावा झाला, असेही समजू नये. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ साली आल्या आणि त्यांतल्या ओळींवरून कवीवर अश्लीलतेचा खटला झाला. १९५२ साली ते निर्दोष ठरले. खटल्याची तऱ्हा ही वाईट परीक्षणाचीच तऱ्हा होती. ओळ कवितेतून उचलायची, तिच्या आधीचे आणि नंतरचे काढून टाकायचे, आणि उरलेल्या शब्दांवर निर्णय द्यायचा. यंत्रयुगातल्या माणसाच्या लाचारीवर, त्याच्या उबगावर लिहिलेल्या कवितेत किळसवाणा शब्द का येतो, हा प्रश्न संबंध कविता समोर असेल तरच विचारता येतो. परीक्षणात उतारा घेताना म्हणून तीन गोष्टी लागतात : तो कुठून घेतला, त्याच्या आगेमागे काय आहे, आणि तो पुस्तकाचा नमुना म्हणून दिला आहे की अपवाद म्हणून. शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. दोनशे पानांच्या पुस्तकातले एक फसलेले वाक्य उद्धृत करून सगळे पुस्तक फसल्याचा भास निर्माण करता येतो. एका सुंदर वाक्यावरून उलटा भासही होतो. म. वा. धोंड यांचे समीक्षालेखन वाचताना जो विश्वास वाटतो तो याच कारणाने. ते संहितेतली एखादी अडलेली जागा घेतात आणि ती जागा सोडवताना बाकीच्या संहितेचा पडताळा घेत राहतात, त्यामुळे त्यांच्याशी मतभेद असला तरी तो कुठे आहे हे बोट ठेवून सांगता येते.

वैचारिक आणि इतिहासविषयक पुस्तकांत पुराव्याचे स्वरूप बदलते, तत्त्व तेच राहते. १७६१च्या पानिपतावर नवे पुस्तक आले तर परीक्षकाचा पहिला प्रश्न लेखकाच्या भाषेचा नसावा. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला, त्यात याच काळातली पत्रे आहेत, त्र्यं. शं. शेजवलकर यांचे ‘पानिपत : १७६१’ मराठीत १९६१ साली आले. यानंतर या लेखकाने कोणते नवे कागद पाहिले, की जुन्याच कागदांचा नवा अर्थ लावला, आणि लावला असेल तर कोणत्या पत्राचा, हे सांगितल्याशिवाय ‘मौलिक भर’ हे शब्द लिहू नयेत. तळटीपांतल्या चार-सहा संदर्भांचा मागोवा घेऊन ते म्हणतात तेच मूळ ठिकाणी आहे का हे पाहणे कष्टाचे आहे, पण परीक्षकाने ते केले नाही तर वाचकाच्या वतीने ते कोणीच करणार नाही. सूची नसणे हा मराठी ग्रंथांचा जुना आजार आहे. त्याची तक्रार करतानाही नुसते ‘सूची हवी होती’ म्हणण्यापेक्षा, पाचशे पानांत एखाद्या सरदाराचा उल्लेख कुठे कुठे आला हे शोधणे तिच्या अभावी कसे अशक्य होते, हे सांगावे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. साहित्याचा आस्वाद शेवटी आवडीनिवडीवर अवलंबून असतो. तिथे पुरावा कसला, असे कोणी म्हणेल. आवड सिद्ध करता येत नाही हे मला मान्य आहे. पण परीक्षणात सिद्धता अपेक्षित नसते. दाखवणे अपेक्षित असते. ‘कथेचा शेवट कृत्रिम वाटला’ या वाक्याला वाचक होय किंवा नाही एवढेच म्हणू शकतो. ‘कथेतली बाई पंधरा पाने काहीच बोलत नाही आणि शेवटच्या पानावर, आधी कुठलीही तयारी नसताना, सगळ्या घरासमोर आपले आयुष्य उलगडून सांगते’ असे लिहिले तर वाचकाला स्वतःचे मत बनवण्यासाठी काहीतरी मिळते. त्याला कदाचित वाटेल, इतकी वर्षे गप्प राहिलेली बाई अशीच एकदम बोलेल. परीक्षकाशी तो असहमत होईल, पण त्या असहमतीचा आधार परीक्षकानेच पुरवलेला असेल. आवड ज्याची त्याची असली तरी ती ज्या मजकुरावर बसते तो सगळ्यांच्या समोर ठेवता येतो, आणि रचनेचे काम तेवढेच आहे.

हे सगळे खटाटोप करण्यापेक्षा परीक्षणच बंद करावे, असेही एकदा गंभीरपणे सुचवले गेले आहे. १९३९ साली व्हर्जिनिया वुल्फ यांनी ‘रिव्ह्यूइंग’ या पुस्तिकेत प्रस्ताव मांडला, की वृत्तपत्रांनी पुस्तकाचा थोडक्यात सारांश आणि उतारे द्यावेत, पसंती-नापसंती एका खुणेने दाखवावी, आणि लेखकाला सविस्तर मत हवे असेल तर त्याने एखाद्या जाणत्या परीक्षकाला खासगीत, फी देऊन भेटावे. स्वतः वर्षानुवर्षे परीक्षणे लिहिलेल्या बाईंनी हे लिहिले, म्हणून ते झटकून टाकता येत नाही. आज पुस्तकांना तारे देण्याची पद्धत पाहिली की प्रस्तावाचा अर्धा भाग अमलातही आलेला आहे. पण त्याच पुस्तिकेत त्यांचे पती लेनर्ड वुल्फ यांनी आपली वेगळी टीप जोडली आणि परीक्षण लेखकासाठी नसून वाचकासाठी असते हे दाखवून दिले. मला तेच निर्णायक वाटते. खूण किंवा तारा वाचकाला निर्णय देतो आणि पुरावा स्वतःकडे ठेवून घेतो. दोन वाचकांना त्यावर चर्चा करता येत नाही, कारण चर्चेला धरण्याजोगे त्यात काही नसते.

मराठीत मात्र आणखी एक अडचण आहे, आणि ती टाळून पुढे जाणे बरोबर नाही. आपले साहित्यविश्व लहान आहे. परीक्षक, लेखक, प्रकाशक, संपादक हे एकमेकांना ओळखतात, एकाच संमेलनाला जातात. नवोदिताचे पहिले पुस्तक लहानशा गावातल्या प्रकाशनाने, पुष्कळदा लेखकाच्याच पैशाने काढलेले असते. त्यावर कठोर लिहून काय साधणार, सांभाळून घ्यावे, हा सूर म्हणूनच येतो आणि त्यामागे आपुलकी असते. ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’ने १९०२पासून १९७४पर्यंत परीक्षणे निनावी छापली. नाव झाकल्याने भीड मोडते, पण नावाबरोबर जबाबदारीही झाकली जाते. मला त्यापेक्षा पुराव्याची वाट अधिक मानाची वाटते. पहिल्या पुस्तकाच्या लेखकाला ‘आश्वासक’ म्हणणे सोपे असते आणि त्याला त्यातून शिकण्यासारखे काही मिळत नाही. त्याच्या दुसऱ्या कथेतली भावकीच्या भांडणातली बोलणी जिवंत आहेत, ती का जिवंत आहेत, आणि तेच लोक पाचव्या कथेत वर्तमानपत्री भाषा का बोलू लागतात, हे कोणी नीट वाचून लिहिले तर त्या लेखकाची कोणीतरी दखल घेतली असे म्हणता येईल. दोष सांगण्यातही मग अपमान राहत नाही, कारण दोष त्या पानाचा असतो. गुण आधी सांगावेत की दोष, ही चर्चा इथे फारशी उरत नाही. एकाच जागेविषयी बोलताना दोन्ही एकत्र येतात, तिथेच ते सर्वांत उपयोगी ठरतात.

राहता राहिली जागा. रविवारच्या पुरवणीत तीनशे-चारशे शब्द मिळतात, त्यात एवढे कसे मावणार, हा प्रश्न खरा आहे. मात्र पुराव्याने लेख लांबतो हा समज बरोबर नाही. लांबतो तो सगळे सांगण्याच्या हौसेने. बारा कथांच्या संग्रहाविषयी तीनशे शब्दांत बारा कथा सांगू गेले की प्रत्येकीला पंचवीस शब्द येतात आणि एकही दिसत नाही. त्याऐवजी पहिल्या दोन वाक्यांत संग्रह कोणत्या लोकांचा, कोणत्या भागातला, आणि परीक्षकाच्या मते त्याचे बळ कशात आहे ते सांगावे. मग एकच कथा घ्यावी, जिच्यात ते बळ सर्वांत स्पष्ट दिसते, आणि तिच्यातली एक जागा सव्वाशे शब्दांत जवळून दाखवावी : कोण बोलते, काय लपवले जाते, वाक्य कुठे तोडले आहे. त्यानंतर जिथे हे बळ कमी पडते ती दुसरी कथा साठ-सत्तर शब्दांत, आणि दोहोंतला फरक कशाने पडला त्याविषयी परीक्षकाचा तर्क. उरलेल्या जागेत, हीच गोष्ट बाकीच्या कथांत कुठे टिकते आणि कुठे नाही, हे कथांची नावे घेऊन. चारशे शब्द मिळाले तर उतारा तीन ओळींनी मोठा घ्यावा.